मिसळीची पैज आणि व्याकरणाचा तऱ्हेवाईकपणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्वेनगरला एकाच सदनिकेत राहणारे चार मित्र दर रविवारी मिसळ खाताना कोणत्या भाषेचे व्याकरण अधिक तऱ्हेवाईक यावर हुज्जत घालतात. एकाने जर्मन शिकली आहे. त्याचे म्हणणे असे की, ज्या भाषेत मुलगी नपुंसकलिंगी असते तिच्यापुढे बाकीच्यांनी बोलूच नये. दुसऱ्याने जपानी शिकली आहे, आणि त्या भाषेत ससे मोजताना पक्ष्यांसाठीचा शब्द लावतात हा त्याचा हुकमाचा एक्का आहे. तिसरा विजयवाड्याचा असून, तेलुगूत बाई आली काय आणि म्हैस आली काय, क्रियापद एकच, असे तो अभिमानाने सांगतो. चौथे प्रश्नकर्ते स्वतः मराठीची बाजू लढवतात. त्यांनी ‘पाऊस – पावसात, देऊळ – देवळात’ असे सामान्यरूप पुढे केले, तेव्हा ‘हे नुसते अवघड आहे, तऱ्हेवाईक नाही’ असे म्हणून इतरांनी ते मोडीत काढले. हरणाऱ्याने मिसळीचे बिल द्यायचे आहे आणि निवाडा माझ्याकडे मागितला आहे.

गेली अठ्ठावीस वर्षे मी पुण्यात सकाळी मराठी मुलांना जर्मन आणि संध्याकाळी परप्रांतांतून व परदेशांतून आलेल्यांना मराठी शिकवतो, त्यामुळे ही हुज्जत माझ्या वर्गात निदान आठवड्यातून एकदा होते. तिच्यासाठी मी एक नियम करून ठेवला आहे, आणि तोच येथे लावतो. एखाद्या भाषेतील चमत्कारिक गोष्टीला गुण तेव्हाच मिळेल, जेव्हा पंक्तीला बसलेल्या इतर कोणत्याही भाषेत तिचे भावंड सापडणार नाही. आपल्या घरातली विचित्र वस्तू रोजच्या वापरामुळे दिसेनाशी होते आणि शेजाऱ्याकडची तीच वस्तू डोळ्यांत भरते, त्यामुळे हा नियम लावला नाही तर प्रत्येक जण शेजाऱ्यालाच हसत राहतो. अवघडपणाला गुण नाहीत, हे तुमच्या मित्रांचे म्हणणे मला मान्य आहे. सामान्यरूप पाठ करावे लागते, त्याने डोके दुखते, पण बुद्धी चक्रावत नाही.

जर्मनची मुलगी प्रथम घेतो. ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, कारण त्याच्या शेवटी ‘शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे आणि तो ज्याला लागेल ते नपुंसकलिंगी होते. मुलीशी जर्मन माणसाचे काही वैर नाही; कुत्रा लहान झाला तरी तो नपुंसकलिंगीच होतो. (या लिंगाचे उपपद ‘डास’ असल्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात हशा पिकतो, आणि पावसाळी तुकडीत तर अधिकच.) आता आपल्याकडे पाहा. मूल, पोर, लेकरू, बाळ ही सारी ‘ते’ आहेत, आणि ‘ते पोरगे’ म्हणताना कोणाच्याही मनात लिंगाची शंका येत नाही. हे मुला-मुलींना समान झाले, खास मुलीला नाही, असे जर्मनवाले म्हणतील. त्यांनी सिंधुदुर्गात जाऊन यावे. मालवणीत मुलीला ‘चेडू’ म्हणतात आणि ते चेडू नपुंसकलिंगी असते. कोकणीतही तसेच. लहान, अविवाहित मुलीसाठी नपुंसकलिंग ही म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची रोजची वहिवाट आहे आणि तिला कोणताही लघुत्वाचा प्रत्यय लागत नाही, त्यामुळे ती जर्मनपेक्षा एक पाऊल पुढेच आहे. संस्कृतने तर याच बाबतीत कमाल केली आहे. बायको या एकाच अर्थाचे तीन शब्द तिथे तीन लिंगांत आहेत: भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी आणि दार पुल्लिंगी, शिवाय हा ‘दार’ नेहमी अनेकवचनातच चालतो, म्हणजे पत्नी एकच असली तरी व्याकरणाने ते अनेक पुरुष. संस्कृत तुमच्या पंक्तीला नसल्यामुळे तिला गुण देता येत नाही, पण मराठीचे ‘मूल’ आणि ‘चेडू’ एवढ्यावरच जर्मनचा दावा निकालात निघतो.

जर्मनच्या बाजूने मांडता येण्यासारखा खरा मुद्दा दुसराच होता, आणि तो तुमच्या मित्राच्या ध्यानात आलेला दिसत नाही. जर्मनमध्ये गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते म्हणून जग तिला हसते. मराठी विद्यार्थ्याला मात्र त्यात हसण्यासारखे काहीच दिसत नाही, कारण आपले क्रियापद जन्मापासून शेवटीच बसलेले असते. माझ्या वर्गातील मुले गौणवाक्ये सहज बांधतात आणि मुख्य वाक्यात अडखळतात. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर यावे लागते. पहिली जागा कर्त्याला द्या, ‘आज’ला द्या किंवा ‘पुण्यात’ला द्या, दुसऱ्या खुर्चीवर क्रियापदच बसणार, आणि कर्ता पहिल्या जागेवर नसेल तर तो निमूटपणे क्रियापदाच्या मागे जाणार. त्यातही क्रियापद फुटीर निघाले, तर त्याचे धड दुसऱ्या खुर्चीवर राहते आणि डोके वाक्याच्या शेवटी जाऊन पडते. ‘आनरुफेन’ म्हणजे फोन करणे. पण ‘मी तुला फोन करतो’ म्हणताना ‘इश रूफं डिश आन’ असे होते, आणि मधे दहा शब्द घातले तरी त्या ‘आन’ची वाट पाहत बसावे लागते. दुसऱ्या जागेच्या या हट्टाचे भावंड भारतात काश्मिरीत सापडते, पण काश्मिरी तुमच्या पंक्तीला नाही. मित्राने हा मुद्दा मांडला असता तर मी पूर्ण गुण दिला असता. जो मुद्दा वकिलाने मांडलाच नाही त्यावर न्यायालय निकाल देत नाही.

जपानीकडे वळण्यापूर्वी आकड्यांविषयी सांगणे भाग आहे, कारण ससा हा शेवटी मोजणीचाच प्रश्न आहे आणि मोजणीच्या बाबतीत आपण सर्वांनीच जपून बोलावे. फ्रेंच माणूस 80 ला ‘चार-वीस’ म्हणतो आणि 99 ला ‘चार-वीस-दहा-नऊ’, हे ऐकून मराठी माणूस हसतो. पण तोच एकोणीस, एकोणतीस असे करत एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा ‘एक उणे’ची वजाबाकी करतो आणि 99 ला आल्यावर ‘एकोणशंभर’ न म्हणता ‘नव्याण्णव’ म्हणून मोकळा होतो. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. जर्मनमध्येही अगदी हाच क्रम आहे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर केवढे रण माजले ते तुम्हाला आठवत असेल. जर्मनीतही आकडे लिहिण्याच्या क्रमाने बोलावेत अशी मागणी करणारे लोक आहेत, आणि त्यांचेही कोणी ऐकत नाही.

याहून गमतीची गोष्ट अर्ध्यांची आहे. जर्मन माणूस अडीच वाजले असता ‘हाल्ब ड्राय’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘अर्धे तीन’. माझे विद्यार्थी हे ऐकून दरवर्षी चिडतात. त्यांना साडेतीन वाटतात आणि कोणीतरी मुलाखतीला एक तास उशिरा पोचतोच. त्यांना मी विचारतो की, अडीच म्हणजे काय? कोणालाच सांगता येत नाही. ‘अडीच’ हा शब्द ‘अर्धतृतीय’ यावरून आला आहे: तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. ‘हाल्ब ड्राय’मागचा विचार तोच आहे, फरक इतकाच की जर्मनमध्ये शिवण दिसते आणि मराठीत ती दोन हजार वर्षांच्या वापराने गुळगुळीत झाली आहे. डॅनिश भाषेत 50 ला जो शब्द आहे तोही ‘तिसरा अर्धा गुणिले वीस’ असाच बनला आहे. अडीच वेळा वीस, म्हणजे पन्नास. आपल्याकडे याच कुळातील आणखी एक शब्द आहे, ‘औट’. अर्धचतुर्थ, चौथा अर्धा, साडेतीन. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर औटकीही पाठ करून घेत. आता औट उरला आहे तो फक्त ‘औटघटकेचे राज्य’ या शब्दप्रयोगात. घटका 24 मिनिटांची धरली तर ते राज्य 84 मिनिटे टिकते, मिसळीच्या बैठकीपेक्षा थोडेसेच जास्त.

आता ससा. जपानीत नुसते ‘तीन पेन्सिली’ असे म्हणता येत नाही. संख्येला वस्तूच्या आकारा-प्रकारानुसार एक मोजशब्द जोडावा लागतो. लांबट वस्तूंना ‘होन’, कागदासारख्या चपट्या वस्तूंना ‘माइ’, लहान प्राण्यांना ‘हिकि’, पक्ष्यांना ‘वा’. त्यातही ‘होन’ हा संख्येप्रमाणे रूप बदलतो: इप्पोन, निहोन, सानबोन. पेन्सिल, बाटली आणि रस्ता हे एका गटात बसतात हे समजू शकते, पण फोनवरचे बोलणे आणि चित्रपट हेही ‘होन’नेच मोजतात, तेव्हा नवशिक्या हात टेकतो. मराठीत याला भावंड नाही असे समजू नका. आपण वस्तू दोन, तीन, चार मोजतो. पण माणसे मोजताना दोघे, तिघे, चौघे होतात, बायका असतील तर दोघी, तिघी, चौघी होतात, आणि पाचाला पोचल्यावर आपला दम संपतो म्हणून ‘पाच जण’ म्हणून सुटका करून घेतो. कोथिंबिरीची जुडी, कोबीचा गड्डा, केळ्यांची फणी, लसणाचा गड्डा आणि त्याची पाकळी. मंडईत ‘एक लसूण द्या’ म्हणून पाहा, भाजीवाली तुमच्याकडे कशी बघते ते कळेल. तेलुगूतही माणसांसाठी ‘इद्दरु’, ‘मुग्गुरु’ असे वेगळे संख्याशब्द आहेतच. म्हणजे मोजशब्दांना गुण नाही.

पण ससा वेगळा. चार पायांचा, न उडणारा प्राणी पक्ष्यांच्या मोजशब्दाने मोजावा, असे उदाहरण मला मराठीत, तेलुगूत किंवा जर्मनमध्ये शोधूनही सापडलेले नाही. त्यामागची कारणे सांगणाऱ्या सुरस कथा पुष्कळ आहेत आणि भाषेच्या उगमाच्या सुरस कथांवर विश्वास ठेवू नये हे मी धंद्यात शिकलो आहे. आजकाल बरेच जपानी लोक सशालाही ‘हिकि’च लावतात, हे तुमच्या मित्राने लपवून ठेवले की त्याला ठाऊक नव्हते, ते तोच जाणे. तरीही ‘वा’ अजून चालतो. सशाला एक पूर्ण गुण.

तेलुगूचे प्रकरण सर्वांत नाजूक आहे. ‘तो आला’ हे ‘वच्चाडु’. ‘ती आली’ आणि ‘ते आले’ या दोन्हींना मात्र ‘वच्चिंदि’. म्हणजे एकवचनात पुरुष एकीकडे आणि बाकी सारी सृष्टी दुसरीकडे. अनेकवचनात मात्र बाजू पालटते: माणसे आली, मग त्या सगळ्या बायका का असेनात, की ‘वच्चारु’, आणि म्हशी आल्या तर ‘वच्चायि’. एकटी बाई म्हशीच्या गटात आणि दोघी झाल्या की थेट माणसांत. वर्गात हे सांगितल्यावर मुली रागावतात, आणि मग मी फळ्यावर दोनच शब्द लिहितो: ‘ती आली.’ कोण आली? मुलगी आली की मुले आली? ‘ती मुलगी आली’ आणि ‘ती मुले आली’. स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन, दोन्ही ‘ती’ आणि दोन्ही ‘आली’. जर्मनमध्येही ‘झी’ म्हणजे ती आणि ‘झी’ म्हणजे ते सारे. तिथे निदान क्रियापद बदलते म्हणून अर्थ कळतो, आपल्याकडे तीही सोय नाही. स्त्रीलिंगाची आणि नपुंसकलिंगाची सरमिसळ करण्यात आपण तेलुगूचे चुलत भाऊच आहोत. मात्र दोन झाल्याबरोबर गट बदलणे हा भाग तेलुगूचा स्वतःचा आहे, म्हणून अर्धा गुण.

राहिली मराठी. प्रश्नकर्त्यांनी सामान्यरूप पुढे केले याचे मला वाईट वाटले, कारण दागिने घरात असताना त्यांनी पितळी तांब्या दाखवला. ‘तू आंबा खाल्लास’ हे वाक्य घ्या. ‘खाल्ला’ हे रूप आंब्यामुळे पुल्लिंगी झाले. पोळी असती तर ‘खाल्लीस’, आंबे असते तर ‘खाल्लेस’, पोळ्या असत्या तर ‘खाल्ल्यास’. आणि शेवटचा ‘स’ हा आंब्याचा नाही, तो ‘तू’चा आहे. एकच क्रियापद एका हाताने कर्माला धरते आणि दुसऱ्या हाताने कर्त्याला. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले याला ‘कर्तृ-कर्म संकर प्रयोग’ म्हणून घोकतात आणि दोन गुणांचा प्रश्न म्हणून विसरून जातात. हिंदीत ‘तूने आम खाया’ म्हटले की ‘तू’शी क्रियापदाचा संबंध संपतो. जर्मन कर्त्याशी एकनिष्ठ आहे, तेलुगूही तशीच, आणि जपानीला या जुळणीशी कर्तव्यच नाही.

दुसरा दागिना याहून बारीक आहे, आणि तो मला एका विद्यार्थिनीने दाखवला. ती कोलकात्याची होती. बंगालीत व्याकरणिक लिंगाची कटकट नसल्यामुळे तिला सारेच नवे होते. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “मी आंबा खाल्ली.” मी सांगितले की भूतकाळात क्रियापद आंब्याचे ऐकते, तुमचे नाही. तिने मान डोलावली, वहीत लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी येऊन मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “मी आज भात जेवला.” नियम तंतोतंत पाळला होता आणि वाक्य तरीही चुकले होते. ‘मी भात खाल्ला’, पण ‘मी भात जेवले’. तेच ताट, तोच भात, तोच घास. खाणे म्हटले की क्रियापद भाताकडे पाहते आणि जेवणे म्हटले की जेवणाऱ्याकडे. तिने पेन खाली ठेवले आणि विचारले, “म्हणजे खाल्ला तर भात महत्त्वाचा आणि जेवले तर मी महत्त्वाची?” व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकातील स्पष्टीकरणापेक्षा हे मला अधिक पटले आणि तेव्हापासून मी तेच सांगत आलो आहे. मी धडा शिकलो, मी नाव विसरलो, मी पाणी प्यायलो, ती असे म्हणाली: ज्या क्रियांमध्ये अन्न, पाणी, विद्या किंवा शब्द माणसाच्या आत-बाहेर करतात, त्यांतल्या बऱ्याच क्रिया कर्त्याच्या बाजूने उभ्या राहतात. खाणे तेवढे फितूर.

हे दोन्ही मुद्दे निर्विवाद गुणांचे होते. परंतु जो न्याय जर्मनवाल्याला लावला तोच तुम्हालाही लावणे प्राप्त आहे. तुम्ही मांडलात तो दावा सामान्यरूपाचा, आणि तो फेटाळला गेला. त्यामुळे निकाल असा: जपानी एक, तेलुगू अर्धा, जर्मन शून्य, मराठी शून्य. बिल जर्मनवाल्याने आणि तुम्ही निम्मे-निम्मे द्यावे.

बिल देताना एक सावधगिरी बाळगा. वेटर आला की सवयीने ‘आपण देऊ’ असे तोंडून जाईल. तसे म्हणू नका, ‘आम्ही देतो’ म्हणा. जपानीवाल्याची ‘वाताशिताचि’ आणि जर्मनवाल्याचे ‘विअर’ यांत ऐकणारा धरलेला आहे की वगळलेला, हे कळतच नाही, त्यामुळे त्यांचे तिकडे लक्ष जाणार नाही. विजयवाड्याच्या मित्राकडे मात्र ‘मनम्’ म्हणजे आपण आणि ‘मेमु’ म्हणजे आम्ही, असे दोन्ही शब्द लहानपणापासून आहेत. ‘आपण’ ऐकल्याबरोबर तो हात खिशाकडे न नेता तुमच्याकडे बोट दाखवील.